कारची अश्वशक्ती: मोजण्याची घरगुती रीत

इंजिनाची शक्ती म्हणजे काम उरकण्याचा वेग. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले की एक मेट्रिक अश्वशक्ती लागते. वॉटमध्ये ती ७३५.५ भरते. विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीमुळे हे एकक मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. कारच्या माहितीपत्रकात मात्र हीच गोष्ट कधी पीएस, कधी बीएचपी, तर कधी किलोवॉट अशा तीन नावांनी येते. एक किलोवॉट म्हणजे १.३६ पीएस किंवा १.३४ बीएचपी. त्यामुळे ८३ बीएचपीचे इंजिन काही न करता ८४ पीएसचे होते. ट्यूनिंगनंतर एक ‘एचपी’ वाढली असे कोणी सांगितले, तर आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच एककात आहे का, हे प्रथम पाहावे.

माहितीपत्रकातला आकडा गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, लोकांना मायलेजच्या आकड्यामुळे माहीत आहे. इंजिनाच्या शक्तीची चाचणीही तिच्यासारख्या अधिकृत संस्थांत होते. तिथे इंजिन गाडीबाहेर काढून चाचणी-ओट्यावर बसवतात, त्याच्या दांड्याला ब्रेक लावणारे यंत्र जोडतात आणि आलेली शक्ती २५ अंश सेल्सिअस तापमान व ९९ किलोपास्कल कोरडा वायुदाब या प्रमाण हवामानावर आणून लिहितात. या ब्रेकची मूळ कल्पना गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याची, १८२१ सालची. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ हा शब्द तिथूनच आला. यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत याच तत्त्वावरचा रोप ब्रेक विद्यार्थ्यांच्या हाती येतो. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला एखादा नातेवाईक घरात असेल, तर पुढचे सगळे गणित तो पाच मिनिटांत तपासून देऊ शकेल.

घरी इंजिन सोडवून ओट्यावर चढवणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गाडीचे वजन माहीत असेल आणि ती किती वेगाने वेग घेते हे मोजता आले, तर चाकांपर्यंत पोचलेली शक्ती काढता येते. रोलर डायनोचे काम मुळात हेच आहे. त्याच्या साध्या प्रकारात गाडी एक जड रोलर फिरवते आणि तो किती लवकर वेग घेतो यावरून हिशेब होतो. रस्त्यावर रोलरच्या जागी गाडीचे स्वतःचे वजन असते.

वजन

या रीतीत वजन हा पहिला आणि सर्वांत स्वस्तात अचूक मिळणारा आकडा. तरीही बहुतेक जण तो आरसी बुकातून उचलतात. आरसीवरचे वजन रिकाम्या गाडीचे असते. त्यात चालक नसतो, शेजारी बसून नोंद घेणारा नसतो, मागे पडलेला जॅक, पाण्याचे कॅन आणि सीट कव्हरही नसतात. १०६० किलोच्या गाडीत १० किलोची चूक म्हणजे शक्तीत जवळजवळ एक टक्क्याची चूक.

मराठवाड्यात वजनकाट्याला तोटा नाही. नांदेडला मोंढ्याच्या आणि जिनिंगच्या परिसरात, लातूरला मार्केट यार्डाच्या व डाळमिलच्या भागात, शिवाय साखर कारखान्यांच्या दारात ट्रक तोलणारे धर्मकाटे आहेत. चाचणीला जे दोघे बसणार आहेत त्यांना बसवूनच गाडी काट्यावर घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. ट्रकचे काटे सहसा ५, १० किंवा २० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात. काट्यावाल्याला टप्पा विचारून घ्यावा आणि शक्य तितका बारीक टप्प्याचा काटा निवडावा. वजन करताना आणि चाचणीच्या वेळी टाकीतले इंधन सारखे असावे. १० लिटर पेट्रोल साडेसात किलोच्या आसपास भरते.

काट्यावर न दिसणारे एक वजन आणखी असते. गाडी वेग घेते तेव्हा चाके, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सचे भागही फिरण्याचा वेग घेतात, आणि त्यासाठी शक्ती खर्च होते. दुसऱ्या गिअरमध्ये हा भार लहान गाडीच्या वजनाच्या साधारण दहा टक्के धरला तरी चालते. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. पण ट्यूनिंगच्या आधी आणि नंतर तो तोच राहत असल्याने तुलनेत त्याची चूक निघून जाते. अर्थात हलक्या अलॉय रिम किंवा हलके फ्लायव्हील बसवले असेल तर ही सवलत संपली.

वेग कशाने मोजावा

स्पीडोमीटरवर विसंबू नये. तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त वेग दाखवेल असाच बनवलेला असतो. मोबाइलमधले जीपीएस स्थिर वेग चांगला सांगते, पण बहुतेक फोन सेकंदाला एकदाच नोंद देतात. तीन सेकंदांत संपणाऱ्या टप्प्यात अशा तीन-चार नोंदींवरून काही ठरवणे धाडसाचे आहे. सेकंदाला दहा किंवा अधिक नोंदी देणारा वेगळा जीपीएस रिसिव्हर मिळतो. ट्यूनिंगचा नाद खरोखर लागला असेल तर पहिला खर्च फिल्टरवर नव्हे, त्या रिसिव्हरवर करावा.

त्याहून स्वस्त मार्ग गाडीतच आहे. भारतात २०१३ नंतर विकल्या गेलेल्या कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की इंजिनाच्या कंट्रोल युनिटकडचे आकडे मोबाइलवर दिसतात. इथे एक बारकावा आहे आणि तो अनेक ॲप झाकून ठेवतात. ओबीडीवर गाडीचा वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो: ६०, ६१, ६२. इंजिनाचे आरपीएम मात्र पाव फेरीच्या बारकाव्याने येतात. क्लच पूर्ण सुटलेला आणि गिअर एकच असेल तर आरपीएम आणि वेग यांचे प्रमाण पक्के असते. म्हणून आधी त्याच गिअरमध्ये जीपीएसवर स्थिर ताशी ५० किलोमीटर धरून आरपीएम लिहून घ्यावे. पुढे वेग आरपीएमवरूनच काढावा. स्वस्त स्कॅनर एका वेळी अनेक आकडे मागितले की मंदावतात. त्यामुळे धावेच्या वेळी ॲपमधल्या बाकी सगळ्या तबकड्या बंद करून फक्त आरपीएम चालू ठेवावे. क्लच घसरत असेल किंवा गाडी ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची असेल, तर हे प्रमाण मोडते आणि जीपीएसच हवे.

जागा आणि कायदा

नांदेड ते लातूर हा चांगला रुंद महामार्ग समोर असताना वेगळी जागा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे गुन्हा ठरवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला, तरी पहाटेच्या महामार्गावर दिवा नसलेली बैलगाडी, ऊस भरलेला ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी असतेच. मांडीवर मोबाइल ठेवून आकडे वाचायची ती जागा नव्हे.

मोजमापाला फार लांब रस्ताही लागत नाही. ताशी ४० वरून ८० पर्यंत जायला लहान पेट्रोल गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये शंभर-सव्वाशे मीटर पुरतात. सुरुवातीला वेग स्थिर करण्याचे अंतर आणि शेवटचे सावकाश ब्रेक धरून चारशे मीटर सरळ, डांबरी, बंदिस्त जागा पुरेशी होते. गळीत हंगाम संपल्यावर साखर कारखान्याची उसाच्या वाहनांची मोकळी आवारे, खासगी औद्योगिक आवारातले रस्ते, गेट असलेले आणि अजून वस्ती न झालेले मोठे ले-आऊट यांचा विचार करता येतो. मालकाची परवानगी लेखी घ्यावी, दोन्ही टोकांना माणूस उभा करावा. इतके जमणार नसेल तर रस्त्यावरची रीत सोडून थेट रोलर डायनोची वेळ घ्यावी.

दुसरा गिअर निवडण्यामागे कारण आहे. १२०० सीसीच्या अनेक हॅचबॅक दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ८० च्या आसपासच ६००० आरपीएमला पोचतात, म्हणजे कमाल शक्ती तिथेच मिळते. तिसऱ्यात तीच शक्ती बघायला ताशी १२० च्या घरात जावे लागते. पहिल्या गिअरमध्ये चाके घसरतात आणि सगळे इतक्या झटपट घडते की मोजमाप हाती लागत नाही.

चढ-उतार डोळ्याला दिसत नाही, पण हिशेबात दिसतो. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात. या टापूत पूर्ण सपाट जमीन कमीच. शंभर मीटरला एक मीटर इतका चढ १०६० किलोच्या गाडीला सुमारे १०४ न्यूटनने मागे ओढतो. ताशी ७५ च्या वेगाला ही ओढ तीन अश्वशक्ती खाते. कोणत्याही महागड्या एअर फिल्टरने लहान इंजिनाला तीन अश्वशक्ती दिल्या तर मालक गावभर सांगेल. इथे नुसत्या उताराने दिल्या. उपाय सोपा आहे. प्रत्येक धाव दोन्ही दिशांनी घ्यावी आणि दोन्हींची सरासरी काढावी. हलक्या वाऱ्याचा परिणामही यातच बराचसा निघून जातो. वारा जोराचा असेल, जसा लातूरच्या पठारावर जून-जुलैत असतो, तर त्या दिवशी मोजमाप करू नये.

धाव

टायर थंड असताना हवा दारावरच्या स्टिकरनुसार भरावी. इंजिन किमान पंधरा-वीस मिनिटे चालून नेहमीच्या तापमानाला आलेले असावे. एसी बंद, काचा बंद. धाव सुरू करण्याआधी ओबीडीवर आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचून लिहावे. उन्हात गाडी उभी राहिली की बॉनेटखालची हवा तापते आणि बाहेर ३५ अंश असताना इंजिन ५५-६० अंशांची हवा ओढू लागते. त्या अवस्थेतली पहिली धाव नेहमी कमी भरते. गाडी थोडी चालवून हे तापमान खाली आले, स्थिर झाले, की मगच मोजावे.

दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३५ च्या आसपास स्थिर व्हावे, अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळाला न्यावा आणि ८२-८३ पर्यंत तसाच ठेवावा. नोंद शेजाऱ्याने घ्यायची. चालकाने फक्त रस्ता बघायचा. दोन्ही दिशांना तीन-तीन धावा तरी व्हाव्यात. सहापैकी एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर कारण शोधावे. सोयीचा नाही म्हणून तो गाळणे ही फसवणूक आहे, आणि ती आपलीच.

हिशेब

समजा काट्यावर दोघांसह वजन १०६० किलो भरले. फिरत्या भागांसाठी दहा टक्के मिळवून ते ११६६ धरू. गाडी ताशी ६० वरून ८० पर्यंत ३.० सेकंदांत गेली. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की सेकंदाला मीटर मिळतात: १६.६७ आणि २२.२२. दोघांचे वर्ग २७७.८ आणि ४९३.८, फरक २१६. याला वजनाने गुणून निम्मे केले की १,२५,९२८ ज्यूल, म्हणजे गाडीच्या गतीत भरलेली ऊर्जा. ३.० सेकंदांनी भागले की ४२.० किलोवॉट.

ही झाली वेग वाढवण्यात लागलेली शक्ती. त्याच वेळी गाडी हवाही कापत होती आणि टायरही रगडत होती. सरासरी ताशी ७० च्या वेगाला लहान हॅचबॅकवर हवेचा रोध साधारण १४० न्यूटन आणि टायरचा सव्वाशे न्यूटन होतो. दोन्ही मिळून २६५ न्यूटन गुणिले सेकंदाला १९.४ मीटर, म्हणजे ५.१ किलोवॉट. एकूण ४७.१ किलोवॉट, अर्थात चाकांपाशी सुमारे ६४ अश्वशक्ती. ही त्या टप्प्यातली सरासरी आहे, शिखर नव्हे. आरपीएमची पूर्ण नोंद असेल तर हाच हिशेब दर ३०० आरपीएमच्या तुकड्यावर करून आलेख काढता येतो. मात्र तुकडा जितका लहान, तितका तो थरथरतो.

रोधाचे आकडे अंदाजाने घ्यायचे नसतील तर गाडीलाच विचारावे. त्याच जागी, जागा पुरेशी लांब असल्यास, ताशी ८५ ला न्यूट्रल करून ७५ पर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते बघावे. लहान गाडीला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. यासाठी सव्वादोनशे मीटर जातात. सेकंदाला २.७८ मीटर इतका वेगातला फरक भागिले लागलेला वेळ, गुणिले वजन, इतके केले की रोध न्यूटनमध्ये मिळतो. इंजिन चालूच ठेवावे. चावी बंद केली तर स्टिअरिंग व ब्रेकची मदत जाते, आणि चावी पुरती फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते.

६४ हा आकडा बघून ८३-८४ च्या मालकाला धक्का बसतो. त्यातल्या काही अश्वशक्ती गिअरबॉक्स, शाफ्ट व बेअरिंगमध्ये जातात, आणि काही हवेने हिरावलेल्या असतात. चाकाच्या आकड्याला ठरावीक टक्के लावून ‘इंजिनाचा खरा आकडा’ काढण्याची पद्धत गॅरेजांत रूढ आहे. ती टाळलेली बरी, कारण ती टक्केवारी गाडी, गिअर आणि गिअर ऑइलच्या तापमानानुसार बदलते. तुलना चाकाची चाकाशी करावी.

मराठवाड्याची हवा

ट्यूनिंगच्या बहुतेक वाद-वितंडांचे मूळ इथे आहे. इंजिन हवेच्या वजनावर चालते, आणि हवेचे वजन उंची व तापमान ठरवतात. नांदेडची उंची समुद्रसपाटीपासून ३६० मीटरच्या आसपास, लातूरची ६३० च्या आसपास. लातूरला प्रत्यक्ष वायुदाब ९४ किलोपास्कलच्या घरात असतो, म्हणजे मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी. हवामानाचे ॲप मात्र १००८ किंवा १०१० मिलिबार दाखवते, कारण तो आकडा समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो. तो हिशेबात घातला तर लातूरकराची गाडी आठ टक्क्यांहून अधिक चुकते. दाबमापक असलेल्या फोनवरचा कच्चा आकडा घ्यावा, नाहीतर उंचीवरून काढावा. अनेक गाड्यांच्या ओबीडीवरही बाहेरचा वायुदाब मिळतो.

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे सूत्र असे: ९९ भागिले कोरडा वायुदाब, त्याचा १.२ वा घात. गुणिले केल्विनमधले तापमान भागिले २९८, त्याचा ०.६ वा घात. कोरडा दाब म्हणजे एकूण दाबातून बाष्पाचा दाब वजा करून उरलेला. उन्हाळ्यात बाष्पाचा दाब दीड किलोपास्कल धरावा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे होते. लातूरला जानेवारीच्या सकाळी १५ अंशांना गुणक सुमारे १.०६ येतो, मे महिन्यात दुपारी ४० अंशांना १.१२. म्हणजे तेच इंजिन, तीच गाडी, आणि सहा टक्क्यांचा फरक. उन्हाळ्यात ‘आधीचे’ आणि हिवाळ्यात ‘नंतरचे’ मोजमाप घेतले तर रिकाम्या डब्यातूनही पाच अश्वशक्ती निघतील. प्रमाणाच्या नियमानुसार हा गुणक ०.९३ ते १.०७ च्या दरम्यान असेल तरच तो निर्धास्त वापरायचा. लातूरची मे महिन्यातली दुपार त्या चौकटीबाहेर पडते. मोजमाप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सूर्योदयाच्या सुमारास करावे हे उत्तम.

टर्बो इंजिनाला हे सूत्र लावू नये. नव्या टर्बो गाड्यांचे कंट्रोल युनिट हवा विरळ झाली की स्वतःच बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून तूट भरून काढते. त्यावर पुन्हा गुणक लावला तर नसलेली शक्ती कागदावर उमटते. काही डायनोवाले ही मेहेरबानी न मागता करतात, म्हणून डायनोच्या छापील कागदावर दुरुस्तीचा गुणक किती आहे ते आधी बघावे.

बदल मोजण्याची शिस्त

वेळेत दशांश सेकंदाची चूक झाली तर तीन सेकंदांच्या टप्प्यात शक्ती तीन टक्क्यांनी चुकते. ४० ते ८० असा साडेसहा सेकंदांचा टप्पा घेतला तर दीड टक्क्याने. वजन, वारा आणि तापमान यांची भर घातली की घरगुती रीतीला तीन टक्क्यांखालचा बदल ओळखता येत नाही, असे धरून चालावे. ८५ अश्वशक्तीच्या गाडीत हे अडीच अश्वशक्ती झाले. बाजारातले फिल्टर, प्लग आणि पेट्रोलमध्ये घालायची औषधे यांचे दावे याच पट्ट्यात घुटमळतात, हा योगायोग नसावा.

म्हणून बदल तपासायचा तर आधी मूळ, मग नवीन, मग पुन्हा मूळ असा क्रम एकाच सकाळी पार पाडावा. जुना फिल्टर काढून नवा लावायला दहा मिनिटे लागतात. तो परत काढून जुना बसवून शेवटच्या धावा घ्याव्यात. दोन्ही मूळ मोजमापे जुळली नाहीत तर मधल्या आकड्याला अर्थ नाही. बॅटरीची वायर काढली असेल तर कंट्रोल युनिटला इंधनाचे प्रमाण पुन्हा बसवायला काही अंतर चालू द्यावे. इंधनही एकाच पंपावरचे असावे.

कारखान्यातून सीएनजी बसवून आलेली गाडी असेल तर रीत तपासायची सोपी सोय मालकाच्या हाती आहे. सीएनजीवर अशा इंजिनांची शक्ती ठळक कमी होते. मारुतीच्या एका १२०० सीसी इंजिनाचे जाहीर आकडेच पेट्रोलवर सुमारे ९० आणि सीएनजीवर ७७.५ पीएस असे आहेत. एका सकाळी दोन्ही इंधनांवर धावा घ्याव्यात. दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसला नाही तर मोजण्यात कुठेतरी चुकत आहे. त्या अवस्थेत फिल्टरची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

हवेच्या प्रवाहावरून शक्ती ओळखायची आणखी एक रीत आहे. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या पेट्रोल गाडीत सेकंदाला ६० ग्रॅम हवा जात असेल तर इंजिन साधारण ७५ ते ८० अश्वशक्ती देत असते. डिझेल इंजिनाला हा ठोकताळा लागू नाही, कारण ते गरजेपेक्षा जास्त हवा ओढते. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसून दाबाचा असतो, आणि ॲप त्यावरून हवेचा आकडा अंदाजाने बनवते. मग अश्वशक्तीही तेवढीच अंदाजाची.

आधी दुरुस्ती, मग ट्यूनिंग

मोजमाप अपेक्षेपेक्षा फारच कमी आले तर पहिला संशय ट्यूनिंगच्या अभावावर नव्हे, नादुरुस्तीवर घ्यावा. घासणारे ब्रेक, धुळीने भरलेला फिल्टर, झिजलेले प्लग आणि घसरणारा क्लच ही नेहमीची कारणे. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच आरपीएम चढतात पण जीपीएसचा वेग त्या प्रमाणात चढत नाही, असे नोंदीत दिसले तर क्लच गेलेला आहे. ब्रेक घासत असतील तर न्यूट्रलची चाचणी सांगते: दहा सेकंदांचे सात होतात.

रस्त्यावरच्या रीतीला एक गोष्ट मुळीच दिसत नाही, ती म्हणजे इंजिनाच्या आत काय चालले आहे. प्रज्वलनाची वेळ पुढे ओढली किंवा बूस्ट वाढवला की शक्ती वाढते आणि त्याच वेळी नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी भडकणे, सुरू होऊ शकते. मे महिन्याच्या उन्हात तर हमखास. मिश्रण पातळ झाले तर पिस्टन वितळण्याइतकी उष्णता निर्माण होते आणि मोबाइलवरचा आलेख तोवर सुंदरच दिसतो. इंधन, प्रज्वलन किंवा बूस्ट यांना हात लावायचा असेल तर काम डायनोवर, मिश्रण मोजणारा सेन्सर लावून आणि नॉकिंगवर लक्ष ठेवूनच करून घ्यावे. डिझेलच्या रिमॅपमध्ये टॉर्क एकदम वाढतो आणि त्याची किंमत क्लच व गिअरबॉक्स मोजतात.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. मान्यताप्राप्त सीएनजी किट परिवहन कार्यालयात नोंदवून बसवता येते. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर काढून मिळवलेली अश्वशक्ती रस्त्यावरच्या गाडीत बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. मूळ फिल्टर, योग्य प्लग, टायरमधली हवा आणि चांगला क्लच एवढ्यावरच थांबलेल्या मालकाला यातल्या कशाचीही काळजी नाही.